अक्रोडाला मीठ

अल कुसैस, दुबई
८ नोव्हेंबर १९९६

गणूभावजी,

आशीर्वाद घ्या. खरं तर शिव्या लिहायला बसले होते, पण दिवाळी दोन दिवसांवर आलीय, म्हणून आशीर्वाद.

छायाच्या घरून परत निरोप आलाय. मुलगी तिशीची, बालवाडीत शिकवते, नाक सरळ आणि डोकं नाकाहून सरळ. तुम्ही चाळिशीला टेकलात. डोक्यावर पुढं सगळी पडीक जमीन, मागंच काय ते पीक. एवढं असून तुम्ही त्या लोकांना चालताय. आणि तुम्ही कळवता काय, तर जानेवारीत रजा मिळतेय पण झाडाला सोडून कसा जाऊ!

भावजी, पत्रिकेत काही वाकडं असलं की रुईच्या झाडाशी लग्न लावतात हे मला ठाऊक आहे. अक्रोडाशी लावलेलं अजून ऐकलं नाही. तसा बेत असेल तर सांगा, मुंडावळ्या पाठवते. एक तुम्हाला, एक झाडाला.

तुमचे दादा कंपनीच्या स्टोअरमध्ये गप्प आणि घरातही गप्प, म्हणून मला बोलावं लागतं. चौथी शिकलेल्या बाईचा लिहून हात भरून येतो, तरी लिहिते. तुमच्या त्या डोंगरात फोन नाही. भाजीच्या पिकअपवाल्या शौकतच्या हाती चिठ्ठ्या द्यायच्या, आणि तुमची उत्तरं येतात ती टोमॅटोच्या वासाची.

आता सरळ सांगा, त्या झाडात एवढं काय आहे? अक्रोड दुकानात मिळतो.

सोबत चकल्या आहेत.

सगुणा


डोंगरावरचा मळा, रास अल खैमा
१७ नोव्हेंबर १९९६

सगुणावहिनींस नमस्कार.

चकल्या पोचल्या. शौकत म्हणाला, "भाभी के हाथ में जादू है." डब्यात बराच चुरा होता, त्यावरून जादूचा प्रयोग वाटेतच झालेला दिसतो.

झाड माझं नाही वहिनी, मामा हलिमाचं आहे. इथं मालकिणीला मामा म्हणतात, हसू नका. ती आमच्या अरबाबची, म्हणजे मालकाची आई. ऐंशीच्या पुढची. तिचं माहेर समुद्रापलीकडे, इराणच्या डोंगरात. तिकडून भावानं आपल्या अंगणातल्या अक्रोडाचं रोप एकदा बोटीतून पाठवलं. मग भाऊ वारला, ते घर मोडलं. माहेरचं म्हणून उरलं ते हे झाड.

मी इथं आलो तेव्हा ते माझ्या गुडघ्याएवढं होतं, आता छपराला लागलंय. तुमच्या दुबईत एका उन्हाळ्यात जळून गेलं असतं. इथं वर थंडी पडते, म्हणून टिकलं. उन्हाळ्यात मी त्याला गोणपाटाचा मांडव घालतो, खोडाला चुना लावतो. नोव्हेंबरात ते पानं गाळून झोपतं, मार्च सरता सरता उठतं.

गेल्या उन्हाळ्यात त्याचा अर्धा शेंडा वाळला. अरबाबला त्या जागी पाण्याची टाकी बांधायची आहे. तो म्हणाला, या खेपेला पानं आली नाहीत तर खलास. आई म्हणाली, "इन्शाल्ला येतील," आणि माझ्याकडे बघितलं.

म्हातारी रोज सकाळी काठी टेकत येते, खोडाला हात लावते आणि विचारते, "झिंदा?" मी सांगतो, "झिंदा." मगच चहा घेते. भावाच्या झाडाचा अक्रोड एकदा खायची इच्छा असणार तिची. मी रजेवर गेलो तर तिला झिंदा कोण सांगेल?

आपला,
गणू


अल कुसैस
१३ डिसेंबर १९९६

गणूभावजी,

आधी एक सांगा, तुमच्या मामाला दात आहेत का? ऐंशीच्या पुढची बाई, तोंडाचं बोळकं झालेलं असणार. अक्रोड खाणार कशानं? तुम्ही अडकित्त्यानं कातरून भरवणार काय?

झिंदा मी सांगीन.

हो, मीच येतेय. शौकत म्हणाला की मामाची कामवाली बाई घरी गेलीय आणि रमजानात स्वयंपाकाला कुणी मिळत नाही. मी शौकतच्या तोंडी तुमच्या अरबाबला निरोप धाडला, त्याचा होकार आला. तुम्हाला विचारलं नाही, कारण तुम्ही नाही म्हणाला असता. माझे गिऱ्हाइकांचे जेवणाचे डबे महिनाभर शेजारची मैमुनाबी सांभाळेल. तुमचे दादा "हं" म्हणाले, म्हणजे परवानगी. प्रज्ञा म्हणाली, "आई, यू विल बोअर दॅट ओल्ड लेडी." मी म्हटलं, बघू कोण कुणाला पुरून उरतं.

झाडाची काळजी करू नका. मामंजींच्या वाडीत माझ्या डोळ्यांदेखत माड उभे राहिलेत. एका काठीला पाणी घालायला काय मोठी अक्कल लागते?

तिकीट काढा. यल्ला, निघा.

सगुणा


डोंगरावरचा मळा
४ जानेवारी १९९७

वहिनी,

मी उद्या निघतो, तुम्ही परवा पोचाल. ही चिठ्ठी चहाच्या डब्यात ठेवतोय, म्हणजे तुम्हाला पहिल्यांदा हीच सापडेल.

झाड झोपलंय. उकरू नका, छाटू नका, खत घालू नका. दहा-बारा दिवसांनी थोडं पाणी, तेही बेतानं. तुमचा हात सढळ आहे. आमटीत ते बरं, इथं नको.

तुम्हाला ओळखतो म्हणून परत लिहितो. काहीही करू नका.

गणू


डोंगरावरचा मळा
१४ जानेवारी १९९७, संक्रांत

गणूभावजी,

तीळगूळ घ्या. इकडे मामाला पण दिला, तिनं रोजा सुटल्यावर चघळला. बघा, म्हटलं नव्हतं? एकही दात नाही.

आमचं बरं जमलंय. ती मला अरबीत बोलते, मी तिला मराठीत, आणि शिव्या दोघींना कळतात. दिवसभर तिचा उपास, म्हणून मीठ-मसाला मी चाखायचा आणि ती शेजारी खुर्चीवर बसून माझ्या तोंडाकडे बघणार. माझी भुवई हलली तरी तिला कळतं काय कमी आहे.

आता तुमचं झाड. भावजी, ही काय दशा! पान नाही, कोंब नाही, नुसता सांगाडा. म्हणे झोपलंय. झोपलेलं माणूस घोरतं तरी. म्हातारी सकाळी येऊन विचारते, झिंदा? मी झिंदा म्हणते, पण डोळ्याला डोळा देववत नाही. खोटं बोलायची मला सवय नाही.

म्हणून उपाय केला. माड मरगळला की मामंजी काय करायचे? आळं खणायचं, मीठ आणि सुकी मासळी घालायची, वर पाणी सोडायचं. वर्षात माड हसायचा. तेच केलं. मीठ इथं दिरहमला पिशवी, म्हणजे आपले दहा रुपये. म्हटलं झाडाच्या जिवापुढं काय ते? चार पिशव्या ओतल्या. मासळी शौकतनं आणली. मांजरं आळ्यातून हलायला तयार नाहीत, त्यांच्यावर काठी घेऊन बसावं लागतं.

तुम्ही काही करू नका लिहिलं होतं, ते वाचलं. पण पुरुषांनी काही करू नका म्हटलं आणि बायकांनी ऐकलं असतं, तर जगात एक घर उभं राहिलं नसतं.

छायाला बघायला जाताना निळा शर्ट घाला. टोपी घालू नका, नंतर कळलं तर फसवणूक होते.

सगुणा


गुहागर
२७ जानेवारी १९९७

वहिनी,

तुमचं पत्र आज सकाळी पोस्टमननं वाटेत हातात दिलं. आम्ही छायाच्या घरी निघालो होतो, म्हणून न फोडता खिशात ठेवलं. निळ्या शर्टाच्या.

तिथं मोठी माणसं आपसात बोलत होती. माझ्या हातात पोह्यांची बशी. म्हटलं तेवढ्यात पत्र वाचून घेऊ.

वहिनी, मी ताडकन उठलो आणि ओरडलो, "चार पिशव्या मीठ!"

छायाची आई आतून धावत आली. "जास्त झालं काय हो? मी तर चाखून घातलं होतं!" मी म्हटलं, तुमचं नाही, वहिनींनी घातलं. ती म्हणाली, वहिनी कुठं आहेत? मी म्हटलं, अरबस्तानात. यावर छायाच्या मामांनी माझ्याकडे असं बघितलं की मुलगा जास्त दिवस उन्हात राहिलेला दिसतो. मी बशी खाली ठेवली आणि शृंगारतळीच्या फोन बूथवर पळत सुटलो. सोमनाथदादाला कंपनीत फोन लावला. तो सगळं ऐकून "हं" म्हणाला.

वहिनी, माड समुद्रकाठचा, त्याला खारं चालतं. अक्रोड बर्फाच्या डोंगरातला. मीठ त्याच्या मुळांना जाळतं. तुम्ही त्याला विष दिलंत, पण मासळीसकट, म्हणजे चवीला कमी नको.

रागावलो नाही. रागावलो असतो तर एवढं लांब लिहिलं नसतं.

बूथवरून परत गेलो तर तिचे मामा चप्पल घालून निघाले होते. छाया अंगणात उभी होती. हसत होती. मला म्हणाली, "कसलं झाड ते?" मी सगळं सांगितलं. बैठक मोडली, पण मी निघताना ती म्हणाली, "झाड जगलं की नाही ते मला कळवा. मग मी काय ते सांगते."

आता तुम्हीच बघा काय-काय त्या आळ्यात पडलंय.

गणू


डोंगरावरचा मळा
३१ जानेवारी १९९७

गणूभावजी,

परवा शौकतनं तुमच्या दादांची चिठ्ठी आणून दिली. आत एवढंच: "मीठ काढ. सगळं. आत्ता." लग्न झाल्यापासून हा माणूस माझ्याशी इतका कडक कधी बोललेला नाही. बघून आधी बरं वाटलं, मग भीती वाटली.

मीठ काढायला राहिलंय कुठं? केव्हाच विरघळून खाली गेलं. तरी मासळी आणि वरची माती उपसून दूर टाकली. मुळांना फावडं लागेल म्हणून पुढं हातानं खणलं. मग पाटाचं गोडं पाणी आळ्यात सोडलं. इथली जमीन खड्याची, पाणी धरत नाही, सरळ खाली जातं. म्हटलं मिठाला घेऊन जाऊ दे.

पण पाटाचं पाणी पाळीनं मिळतं. आपली पाळी संपली. तेव्हा मामानं शेजारच्या मळ्यांवर निरोप धाडला, आणि त्या लोकांनी आपापली पाळी अक्रोडाला दिली. कुणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगणार होते?

मीठ गेलं की नाही कसं कळायचं? चाखून. होय, मी माती चाखते. खोल बोट घालून चिमूट काढायची, जिभेवर ठेवायची, थुंकायची. पहिल्या दिवशी लोणचं होतं. आज पातळ आमटी आहे. मामाचा रोजा, तिला चाखता येत नाही. ती खुर्ची ओढून आळ्याशी बसते आणि माझी भुवई बघते.

मी तिला हातवाऱ्यांनी सांगितलं की मीठ मी घातलं. वाटलं काठी पडेल पाठीत. काठी पडली नाही. त्या दिवसापासून मला एक शिवी दिलेली नाही, आणि सकाळी येते, खोडाला हात लावते, पण झिंदा विचारत नाही.

भावजी, दुखायचं ते तिथं दुखतंय.

चूक म्हणायची तर तुमची. चिठ्ठीत "मीठ घालू नका" असं स्पष्ट लिहायला काय झालं होतं?

सगुणा


डोंगरावरचा मळा
१० फेब्रुवारी १९९७

गणूभावजी,

तुमचं पोह्यांचं पत्र पोचलं. मुलगी बघायच्या बैठकीत वहिनीचं पत्र वाचणारा नवरदेव मी जन्मात पाहिला नाही. पण मुलगी हसली, हे बरं झालं.

आता मी सांगते ते नीट वाचा.

काल ईद झाली. सकाळी मामा न्हाऊन, नवे कपडे घालून, सुरमा भरून आली. मला हाताला धरून झाडाशी नेलं. खालची एक बोटभर फांदी वाकवली, कमरेच्या गाठीतून छोटी सुरी काढली आणि साल खरवडली. मी ओरडले, "अगो, मेलेल्याला आणखी कशाला सोलतेस!"

सालीखाली हिरवं होतं. ओलं हिरवं, कोवळ्या काकडीसारखं.

"झिंदा," म्हणाली ती. पहिल्यांदा तिनं मला सांगितलं.

मग तिनं काय केलं असेल? ती साल हिरड्यांवर घासली, ओठांवर घासली. बघता बघता म्हातारीचे ओठ विटकरी-लाल झाले. तुमचा अक्रोड खायचा नव्हता तिला, भावजी! साल हवी होती. देरम म्हणतात इकडे. जुन्या बायका दात घासायला आणि ओठ रंगवायला वापरतात. भाऊ होता तोवर दर बोटीनं बहिणीला ताजी साल पाठवायचा. भाऊ थकला, तेव्हा त्यानं झाडच पाठवलं, म्हणजे कुणावर अवलंबून राहायला नको. बाजारात मिळते ती वाळकी, म्हणून ती तोंडाला लावत नव्हती. आणि झाड नाजूक म्हणून ती पण सोलत नव्हती. हे सगळं तिनं मोडक्या हिंदीत, हातवारे करून सांगितलं.

तुम्हाला सहा वर्षांत का सांगितलं नाही विचारलं, तर म्हणाली, "गणू मर्द है." तुम्हीच सांगा, ऐंशीची बाई परक्या पुरुषाला सांगेल का, की मला ओठ रंगवायचेत? आणि तुम्ही अक्रोड भरवायला निघाला होता!

उरलेली साल तिनं माझ्या ओठांवर घासली. तुरट, झणझणीत. मी नको नको म्हणत होते, तर तिनं मला अरबीत अशी एक हासडली की जीव थंड झाला. शिव्या परत सुरू झाल्या.

ता. १५ ला मी घरी जातेय. मातीला आता कसलीच चव नाही.

सगुणा


डोंगरावरचा मळा
४ एप्रिल १९९७

वहिनी,

दीड महिना झाला परत येऊन. अजून काठीच आहे. दरवर्षी एव्हाना कळ्या फुगतात. साल खरवडून बघायचा मोह होतो, पण मामा मला सुरी लावू देत नाही. म्हणते, ते बायकांचं काम.

टाकीच्या विटा येऊन पडल्या. अरबाब काल विटांवर बसून झाडाकडे बघत होता. मी त्याला चहा दिला आणि विटांची मापं चुकलीत असं सांगितलं. तो परत मोजायला पाठवणार आहे. एवढंच माझ्या हातात आहे.

छायाचं एक ओळीचं कार्ड आलं: "काय झालं?"

तिला काय लिहू?

गणू


डोंगरावरचा मळा
२१ एप्रिल १९९७

वहिनी,

आली.

शेंड्याकडची फांदी वाळलीच, ती कापावी लागेल. पण खालून, जिथं मामानं सोललं होतं त्याच्या वरच्या डोळ्यातून, आणि मग सगळीकडून. अक्रोडाची पालवी लालसर असते, लहान मुलाच्या तळव्यासारखी. अरबाबनं येऊन बघितली, हसला, आणि टाकी शेळ्यांच्या गोठ्यामागं बांधायला सांगितली. विटा मीच उचलून नेल्या. मापं बरोबर होती.

काल खाली गावात उतरून छायाला फोनवर कळवलं. तिचं उत्तर तसंच लिहितो: "झाड जगलं, आनंद झाला. माझा होकार आहे. एकच अट. लग्नात आमटी वहिनींनी करायची नाही."

शौकतला सांगितलंय, चिठ्ठी नंतर दे, आधी तोंडानं सांग.

गणू


अल कुसैस
२५ एप्रिल १९९७

गणूभावजी,

सांगितलं त्यानं तोंडानं. काय सांगितलं!

मी घरी आल्यापासून रोज संध्याकाळी गॅलरीत उभी राहते. पिकअप वळणावर दिसला की वरूनच विचारायचं, "झिंदा?" तो खांदे उडवायचा, की मी आत. दोन महिने हेच. प्रज्ञा म्हणायची, "आई, पीपल आर वॉचिंग." बघू देत.

काल त्यानं वळणावरूनच हॉर्न दाबून धरला. निम्मा बाहेर लटकून ओरडला, "भाभी! झिंदा! झिंदा!" समोरच्या बिल्डिंगीतली सगळी पोरं खिडक्यांत आली, कुणाचा बाप वाचला म्हणून. मैमुनाबी चपात्या टाकून धावत आली. तुमचे दादा सोफ्यावरून उठले, माझ्याशेजारी येऊन उभे राहिले आणि चक्क दोन शब्द बोलले, "बरं झालं." मी तशीच पीठ लागलेल्या हातानं डोळे पुसले, ते पीठ डोळ्यात गेलं, म्हणून पाणी आलं. दुसरं काही नाही.

छायाला माझा निरोप द्या. आमटी मीच करणार. तिला जिभेवर ठेवून पारखायचा हक्क आहे, कमी-जास्त झालं तर भुवई उडवायची.

आणि मामाला सांगा, लग्नाच्या आधी एक बोटभर साल शौकतकडे द्यायची. नवरीसाठी. पुरुषांनी त्यात बोलायचं नाही, तुम्ही फक्त पोचवायची. मामाला दोन अक्षरं माझी पण सांगा. रोज सकाळी ती झाडाशी येईल तेव्हा एकदा माझ्या नावानं "झिंदा?" विचारा. ती सांगेल.

मुंडावळ्या घेऊन ठेवल्यात. दोनच. झाडाला लागत नाहीत.

सगुणा

ता. क. माडाला मात्र मीठच लागतं. ते कुणी मला शिकवू नये.